लायसिनच्या दोन अमाइनांपैकी नेमकी एकच कशी पकडायची? (संरक्षक गट आणि बदललेली अमिनो आम्लं)

रेणुबंध

सेमाग्लुटाइड हे नाव आता घरोघरी पोचलंय. मधुमेहाचं आणि वजन उतरवण्याचं औषध म्हणून त्यावर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते रेणू म्हणून. ३१ अमिनो आम्लांची साखळी, आणि २६ व्या क्रमांकाच्या लायसिनला जोडलेली एक लांब शेपटी (क्रमांक ७ पासून सुरू होतात, म्हणून ३१ ची साखळी ३७ वर संपते). शेपटीच्या टोकाला १८ कार्बनांचं द्विआम्ल. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतं, म्हणून औषध आठवड्यातून एकदा टोचलं तरी पुरतं. शेपटी चुकीच्या जागी बसली तर ते वेगळंच संयुग होतं, औषध होत नाही.

शेपटी लायसिनच्याच अमाइनवर (नायट्रोजनच्या गटावर), आणि दुसरीकडे कुठेही नाही, हे प्रयोगशाळेत कसं साधतात? संरक्षक गटांनी, म्हणजे नको ती जागा तात्पुरती झाकून नंतर काढून टाकायच्या गटांनी. हा धागा त्यासाठी.

साध्या लायसिनपासून सुरुवात करू. त्याच्यावर तीन क्रियाशील जागा असतात: एक कार्बोक्झिलिक आम्ल, त्याच्या शेजारच्या कार्बनवरची अल्फा अमाइन, आणि चार कार्बनांच्या फांदीच्या टोकाची एप्सिलॉन अमाइन. दोन अमाइनांच्या पीकेएमध्ये (प्रोटॉन किती सहज सुटतो त्याच्या मापात) फरक आहे, साधारण ९ आणि १०.५, पण एवढ्या फरकावर विसंबून नुसतं बॉक अनहायड्राइड (बॉक हा संरक्षक गट बसवणारं रसायन) टाकलं तर अल्फा, एप्सिलॉन आणि दोन्हीकडे लागलेलं असं मिश्रण मिळतं. मग ते कॉलमवर वेगळं करण्यात दिवस जातात.

यावर जुना आणि अतिशय देखणा उपाय म्हणजे तांबं. लायसिनच्या पाण्यातल्या द्रावणात तांब्याचा क्षार घातला की अल्फा अमाइन आणि तिच्या शेजारचं कार्बोक्झिलेट मिळून तांब्याच्या आयनाला चिमट्यात धरतात. पाच अणूंचं वलय तयार होतं. एका तांब्यामागे दोन लायसिन. द्रावण गर्द निळं होतं. दोन कामांचे गट तांब्यात गुंतले, एप्सिलॉन अमाइन मात्र लांब फांदीच्या टोकाला मोकळी राहिली. आता सोडियम बायकार्बोनेट आणि अॅसिटोनमधलं बॉक अनहायड्राइड घालून रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी फिकट निळा साका खाली बसलेला असतो. तो गाळून पाण्याने धुवायचा. मग तांबं काढायला ईडीटीए किंवा ८-हायड्रॉक्सीक्विनोलिन, दोन्ही धातू पकडून ठेवणारी रसायनं. क्विनोलिन वापरलं तर तांबं हिरवट-पिवळ्या साक्यात निघून जातं आणि पाण्यात राहतं एच-लायसिन(बॉक)-ओएच. त्यावर एफमॉक-ओएसयू घातलं की अल्फा अमाइनवर एफमॉक हा दुसरा संरक्षक गट बसतो.

म्हणजे तांबं हा इथे दोन गटांचा एकदम संरक्षक झाला, आणि तो काढताना ना आम्ल लागलं ना आम्लारी, म्हणून बॉक जागेवर राहिला. माझं म्हणणं या धाग्यात हेच आहे: संरक्षक गट निवडताना तो कसा बसवायचा हा प्रश्न दुय्यम आहे. तो कसा काढायचा, आणि काढताना बाकी काय काय टिकायला हवं, तिथून विचार सुरू करायचा.

इतिहासही हेच सांगतो. एमिल फिशर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेप्टाइडं जोडायला घेतली, तेव्हा अमाइन झाकायची युक्ती त्यांच्याकडे होती. एथिल क्लोरोफॉर्मेट वापरून ते अमाइन झाकत. पण तो गट नंतर काढता येईना. काढायला जावं तर पेप्टाइडच मोडायचं. १९३२ मध्ये ड्रेस्डेनमध्ये मॅक्स बेर्गमान आणि लिओनिडास झेर्वास यांनी एथिलच्या जागी बेंझिल आणलं. वरवर पाहता किरकोळ बदल, पण बेंझिलचा बंध पॅलेडियम आणि हायड्रोजनने सौम्यपणे तुटतो. टोल्युइन आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, पेप्टाइडला धक्का लागत नाही. हाच सीबीझेड. काही पुस्तकांत नुसतं झेड लिहितात, झेर्वास यांच्या नावावरून. पेप्टाइड रसायनशास्त्र खऱ्या अर्थाने तिथे सुरू झालं असं मी मानतो.

पुढे १९५७ मध्ये आम्लाने निघणारा बॉक आला. १९७० मध्ये लुई कार्पिनो आणि ग्रेस हान यांनी आम्लारीने निघणारा एफमॉक आणला. एक आम्लाने, एक आम्लारीने, एक हायड्रोजनने. एक काढताना दुसऱ्याला हात लागत नाही. याला ऑर्थोगोनल म्हणायची पद्धत बरानी आणि मेरिफील्ड यांच्यापासून, १९७७ च्या सुमारास पडली.

आधी प्रश्न येऊ देत, मग पुढचं लिहितो.

---

चांदणचुरा

मी रसायनशास्त्रातली नाही, शाळेत गणित शिकवते. तरी समजलं, याचा आनंद झाला. भिंत रंगवताना रंगारी स्विचबोर्डावर चिकटपट्टी लावतात, रंग वाळला की ओढून काढतात, तसंच ना हे?

आणि एक प्रश्न. एक गट आम्लाने निघतो आणि दुसरा आम्लारीने, हे रेणूत कुठे ठरतं? दोन्ही बसतात त्याच अमाइनवर. मग वागणूक इतकी उलटी कशी?

---

रेणुबंध

ताई, प्रश्न अगदी मर्मावरचा आहे.

बॉक, एफमॉक, सीबीझेड तिघांचाही अमाइनकडचा भाग सारखाच आहे: नायट्रोजन, त्याला कार्बोनिल, त्याला ऑक्सिजन. याला कार्बामेट म्हणतात. फरक ऑक्सिजनच्या पलीकडे.

बॉकमध्ये पलीकडे तृतीयक ब्युटिल आहे, म्हणजे एका कार्बनला तीन मिथिल. आम्ल आलं की कार्बोनिलवर प्रोटॉन बसतो आणि हा ब्युटिल धन आयन होऊन सुटतो. तीन मिथिल त्या धन भाराला आधार देतात, म्हणून तो सुटू शकतो. पुढे त्याचा आयसोब्युटिलीन वायू होतो. उरलेला कार्बामिक आम्लाचा तुकडा कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमाइन मोकळी होते. टीएफए (ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल) घातल्यावर बुडबुडे दिसतात ते याचेच.

एफमॉकमध्ये पलीकडे फ्लुओरिन नावाची तीन वलयांची चौकट आहे (फ्लोरिन वायूशी संबंध नाही). तिच्या मधल्या वलयावर एक हायड्रोजन आहे. तो निघाला तर उरलेला ऋण भार सगळ्या चौकटीत पसरून अॅरोमॅटिक स्थैर्य मिळवतो. म्हणून पिपरिडीनसारखी मामुली आम्लारीसुद्धा तो हायड्रोजन काढू शकते. मग बंध ओळीने सरकतात, डायबेंझोफल्विन बाहेर पडतं, कार्बन डायऑक्साइड निघतो, अमाइन मोकळी. डीएमएफ या द्रावकात २० टक्के पिपरिडीन, काही मिनिटांचं काम. बाहेर पडलेलं डायबेंझोफल्विन पिपरिडीनच पकडतं, आणि ते जोडसंयुग ३०१ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. त्या शोषणावरून किती एफमॉक निघाला हे मोजता येतं.

बॉकवर असा सहज निघणारा हायड्रोजन नाही, म्हणून पिपरिडीन त्याला काही करत नाही. एफमॉकमधून स्थिर धन आयन सुटत नाही, म्हणून टीएफए त्याला काही करत नाही.

चिकटपट्टीची तुलना चांगली आहे, पण एका जागी ती पुरत नाही. पट्टीमुळे भिंत बदलत नाही. संरक्षक गट मात्र रेणूचा स्वभाव बदलतो. उदाहरण देतो. अमाइन झाकायला साधा अॅसिटिल का वापरत नाहीत? तो काढायला कठीण, कारण तो पेप्टाइड बंधासारखाच बंध आहे, हे एक कारण. पण दुसरं जास्त गंभीर. अॅसिटिल लावलेल्या अमिनो आम्लाचा कार्बोक्झिल गट जोडणीसाठी सक्रिय केला की अॅसिटिलचा ऑक्सिजन वळून त्याच्यावर हल्ला करतो आणि ऑक्साझोलोन नावाचं वलय बनतं. या वलयातला अल्फा हायड्रोजन फार सैल असतो. तो सुटला आणि परत बसला की एल रूपाचं अर्धं डी रूप, म्हणजे त्याची आरसाप्रतिमा, होऊन बसतं. औषधासाठी हा सर्वनाश आहे. कार्बामेट गटांमध्ये ही वाट बरीच अवघड असते, म्हणून बॉक, एफमॉक, सीबीझेड तिघेही कार्बामेट आहेत. ते अमाइन झाकतात आणि शेजारच्या कार्बनचा डावा-उजवेपणाही सांभाळतात.

---

चांदणचुरा

आता नीट कळलं. डावं-उजवं बिघडलंय का हे कसं तपासता?

---

रेणुबंध

मार्फी अभिकारक वापरून. १९८४ पासूनची पद्धत. तो स्वतः एल-अॅलनिनपासून बनवलेला असतो. तुमच्या अमिनो आम्लाशी जोडला की एल-एल आणि एल-डी अशा दोन जोड्या होतात. त्या आरसाप्रतिमा नसतात, म्हणून साध्या एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) कॉलमवरही वेगळ्या येतात. ३४० नॅनोमीटरला बघायचं. सिस्टीन, हिस्टिडीन आणि फिनाइलग्लायसिन यांच्या बाबतीत हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये असं माझं मत आहे.

---

अंबरनाथकर

रेणुबंध, छान धागा. मी गेली बरीच वर्षं प्लांटवर आहे, तर तिकडची बाजू.

प्रयोगशाळेत बुडबुडे गोड वाटतात. प्लांटवर तेच मोजावे लागतात. एक मोल बॉक निघाला की जास्तीत जास्त दोन मोल वायू. २४६ किलो बॉक-लायसिन म्हणजे एक किलोमोल. साध्या तापमानाला साधारण ४९ घनमीटर वायू. त्यातला निम्मा आयसोब्युटिलीन, म्हणजे ज्वलनशील. म्हणून आम्ल एकदम ओतायचं नाही, बेताबेताने सोडायचं, व्हेंट आणि स्क्रबर आधी तपासायचे. काही आयसोब्युटिलीन आम्लातच अडकतं, काहीचं ब्युटिल क्लोराइड होतं, पण हिशोब कायम सगळा वायू बाहेर येणार असं धरून करायचा.

आम्हाला शक्य तिथे टीएफए नको असतं. गंजवतं, महाग पडतं, आणि सांडपाण्यात गेलं की सहजी मोडत नाही. डायऑक्सेनमधलं किंवा इथिल अॅसिटेटमधलं हायड्रोजन क्लोराइड वापरलं तर बऱ्याचदा अमाइनचा हायड्रोक्लोराइड क्षार तिथेच स्फटिक होऊन खाली बसतो. गाळला की काम झालं. शुद्धीकरणाची एक पायरी वाचते.

बॉक अनहायड्राइडचा वितळणांक २३ अंशांच्या आसपास आहे. हिवाळ्यात ड्रममध्ये दगड, एप्रिलमध्ये पाणी. घट्ट झालं म्हणून सरळ वाफेवर तापवायचा मोह होतो. तसं कधीही करू नका. तापलं की त्याचं विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि बंद डब्यात दाब वाढतो. शिवाय वाफ श्वासात गेली तर प्राणघातक आहे. कोमट खोलीत सावकाश वितळू द्यायचं.

एफमॉक-ओएसयूबद्दल एक भर. एफमॉक-क्लोराइडपेक्षा ते सौम्य आणि चांगलं, कारण क्लोराइडने एफमॉक-डायपेप्टाइडची भेसळ होते. पण ओएसयूचीही स्वतःची भेसळ आहे. त्यातला सक्सिनिमाइडचा भाग लॉसेन पुनर्रचनेने उलगडतो आणि त्यातून एफमॉक-बीटा-अॅलनिन तयार होतं. तेही एफमॉक-अमिनो आम्लच असल्यामुळे पुढे साखळीत जाऊन बसतं. मागवलेल्या मालाच्या विश्लेषणात त्यासाठी वेगळी ओळ आहे का ते बघत जा.

---

शून्यअंश

दादा आणि रेणुबंध सर, मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक अडचण आहे. माझं अमिनो आम्ल असं: अल्फा अमाइनवर एफमॉक, कार्बोक्झिलचं मिथिल एस्टर, फांदीवर मी बसवलेला अॅझाइड (तीन नायट्रोजनांचा गट). आता एस्टर काढून मोकळं आम्ल हवंय. टीएचएफ (एक द्रावक) आणि पाण्यात लिथियम हायड्रॉक्साइड, शून्य अंशाला. टीएलसीवर (घटक वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) एक स्पॉट यूव्हीत चमकतो आणि टोकाला धावतो, आणि एक बेसलाइनला, निनहायड्रिनने (मोकळी अमाइन दाखवणाऱ्या रसायनाने) लगेच जांभळा. अपेक्षित स्पॉट अगदी फिका. हे काय आहे?

---

रेणुबंध

टोकाला धावणारा यूव्ही स्पॉट डायबेंझोफल्विन आहे, आणि बेसलाइनचा जांभळा म्हणजे तुझं उघडं अमिनो आम्ल. हायड्रॉक्साइडने एस्टर तोडलाच, पण एफमॉकचा तो सैल हायड्रोजनही काढला. आम्लारीने निघणारे दोन गट एकाच रेणूवर आहेत. आराखड्यातच ते एकमेकांच्या वाटेत आलेत.

आत्ता हातात जो माल आहे त्यासाठी:

लिथियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइडच्या सोबत भरपूर कॅल्शियम क्लोराइड, सुमारे ०.८ मोलर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्यात. एस्टर तुटतो आणि एफमॉक बऱ्याच प्रमाणात टिकतो. स्वस्त आहे, आधी हेच करून बघ. दुसरा मार्ग ट्रायमिथिलटिन हायड्रॉक्साइड, डायक्लोरोइथेनमध्ये गरम करून. एफमॉकला हात लावत नाही आणि अल्फा कार्बनही बिघडवत नाही, पण टिनची सेंद्रिय संयुगं विषारी असतात. हुडबाहेर बाटली उघडायची नाही, आणि कचरा वेगळा.

पुढच्या खेपेला मात्र आराखडाच बदल. मधल्या सगळ्या पायऱ्या बॉक आणि मिथिल एस्टर अशा जोडीने कर. बॉकला लिथियम हायड्रॉक्साइडचं काही वाटत नाही. फांदीवरचं काम संपलं, एस्टर काढला, मग बॉक काढून अगदी शेवटी एफमॉक बसव. दोन पायऱ्या वाढतील, पण एकूण यील्ड जास्त येईल. किंवा सुरुवातीलाच तृतीयक ब्युटिल एस्टर घे, तो आम्लाने निघेल आणि एफमॉक जागेवर राहील. बेंझिल एस्टर तुला चालणार नाही. तो काढायला पॅलेडियम आणि हायड्रोजन लागेल, आणि त्यात तुझ्या अॅझाइडची अमाइन होऊन जाईल.

---

शून्यअंश

अॅझाइडचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तृतीयक ब्युटिल एस्टरने सुरुवात करतो. खूप आभार.

---

कोकणकडा

लेख आवडला, पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. बसवा, काढा, परत बसवा, परत काढा. प्रत्येक वेळी द्रावक, प्रत्येक वेळी कचरा. पेशीतला रायबोसोम हेच काम पाण्यात करतो, एकही संरक्षक गट न वापरता. आपण दिमाखाने सांगतोय ती गोष्ट मुळात आपल्या अपुरेपणाची खूण नाही का? संश्लेषणाची जाहिरात करण्यापेक्षा ते टाळायच्या वाटा शोधायला हव्यात.

---

अंबरनाथकर

कोकणकडा यांचा मुद्दा मला पटतो, आणि आकड्यांत सांगतो. एफमॉक-आर्जिनिन(पीबीएफ)-ओएचचा (पीबीएफ हा आर्जिनिनच्या फांदीवरचा संरक्षक गट) रेणुभार ६४९. त्यातला पेप्टाइडमध्ये उरतो तो आर्जिनिनचा भाग १५६. म्हणजे विकत घेतलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा औषधात जातो, बाकी सगळा कचऱ्याच्या ड्रममध्ये. ग्लायसिनचं तर आणखी बिकट. एफमॉक-ग्लायसिन २९७, साखळीत उरतात ५७. एक पंचमांशाहूनही कमी. आणि हे फक्त अमिनो आम्लाचं झालं. धुण्यासाठी जाणारं डीएमएफ याच्या कितीतरी पट असतं. युरोपीय संघाने २०२३ च्या डिसेंबरपासून डीएमएफच्या वापरावर बंधनं आणली, त्यामुळे आता सगळेच पर्यायी द्रावक शोधत आहेत.

---

रेणुबंध

दोघांचंही म्हणणं गांभीर्याने घेतो. संरक्षक गट टाळता आला तर तो टाळलाच पाहिजे, आणि त्या दिशेने मोठं काम झालंय. फिल बॅरन यांच्या गटाने २००७ मध्ये सायनोबॅक्टेरियांमधली (नील-हरित शैवालांतली) गुंतागुंतीची अल्कलॉइडं संरक्षक गटांशिवाय बनवून दाखवली. तेव्हापासून कुठलाही मार्ग आखताना हा प्रश्न विचारणं रूढ झालं.

पण रायबोसोमची बाजू पूर्ण मांडायला हवी. तो गट वापरत नाही, कारण त्याच्याजवळ प्रत्येक अमिनो आम्लासाठी वेगळं विकर आहे. ते विकर अमिनो आम्ल ओळखून त्याचं कार्बोक्झिल टोक टीआरएनएला जोडतं. मग रायबोसोमच्या पोकळीत नेमकी योग्य अमाइन योग्य टोकासमोर येते. लायसिनची फांदी तिथे पोचतच नाही. निवड जागेने होते. आपल्याकडे फ्लास्कमध्ये ती पोकळी नाही, म्हणून आपण निवड गटांनी करतो.

जिथे जागेने निवड करता येते तिथे उद्योगही तेच करतो. लिराग्लुटाइड, म्हणजे सेमाग्लुटाइडच्या आधीचं औषध, त्याची मूळ साखळी यीस्टमध्ये वाढवतात आणि शेपटी नंतर रसायनाने लावतात. त्यासाठी साखळीतच युक्ती केलेली आहे. माणसाच्या जीएलपी-१ मध्ये (ज्या संप्रेरकावरून ही औषधं बेतली त्यात) २६ आणि ३४ या दोन जागी लायसिन असतं, त्यातलं ३४ चं बदलून आर्जिनिन केलं. राहिलं एकच लायसिन. संरक्षक गट घालण्याऐवजी नको असलेली अमाइनच काढून टाकली. मला हा विचार फार मोठा वाटतो.

सेमाग्लुटाइडमध्ये मात्र ८ व्या जागी अॅमिनोआयसोब्युटिरिक आम्ल आहे, ज्याच्या अल्फा कार्बनवर दोन मिथिल असतात. त्यामुळे शरीरातलं डीपीपी-४ विकर साखळी तिथे तोडू शकत नाही. पण जनुकीय संकेतात हे अमिनो आम्ल नाही, त्यामुळे यीस्ट ते आपणहून घालत नाही. तेवढ्या तुकड्यासाठी तरी रसायनशास्त्र लागतंच, आणि रसायनशास्त्र आलं की गट आले. निसर्गात नसलेलं अमिनो आम्ल हवं असेल तर निसर्गाची यंत्रणा आयती मिळत नाही, एवढंच माझं उत्तर.

याच्या पुढचं एक उदाहरण सांगतो, मला ते फार आवडतं. काही मिथेन बनवणाऱ्या आर्कियांमध्ये पायरोलायसिन नावाचं २२ वं अमिनो आम्ल असतं. ते ओळखणारं विकर इतकं उदार निघालं की फांदीवर बॉक असलेलं लायसिनही ते स्वीकारतं, अॅलॉक हा आणखी एक संरक्षक गट असलेलंही. त्यामुळे जिवाणूत ते विकर आणि त्याचा टीआरएनए घालून, पोषणद्रव्यात बॉक-लायसिन मिसळलं तर जिवाणूचा रायबोसोम ते प्रथिनात बसवतो. आपण फ्लास्कसाठी शोधलेला संरक्षक गट जिवंत पेशीतल्या प्रथिनात, हव्या त्या जागी. या रस्त्याने प्रकाशाने निघणारे गटही प्रथिनांत घातले गेले आहेत. पेशीवर अतिनील झोत टाकला की लायसिन मोकळं होतं आणि प्रथिन कामाला लागतं.

---

कोकणकडा

३४ चं लायसिन काढून टाकण्याची गोष्ट माहीत नव्हती. माझा प्रश्न त्याच दिशेचा होता, त्यामुळे ती विशेष भिडली. कचऱ्याबद्दलचं मत कायम आहे, पण निसर्गात नसलेल्या अमिनो आम्लांबाबत तुमचं उत्तर मान्य.

---

कापूरकाचरी

वाचनखूण साठवली. असे धागे यावेत.

---

पैलतीर

मी सध्या जर्मनीत फॉस्फोपेप्टाइडांवर काम करतो, म्हणून बदललेल्या अमिनो आम्लांचं आणखी एक उदाहरण. यात कमी झाकण्याचा फायदा दिसतो.

पेशीतल्या संदेशांत टायरोसिनवर फॉस्फेट बसवणं आणि काढणं सतत चालतं. असं पेप्टाइड बनवायला फॉस्फेट आधीच बसवलेलं टायरोसिन वापरतात. फॉस्फेटवर दोन आम्लधर्मी हायड्रॉक्सिल आहेत. कुणालाही वाटेल की दोन्हीवर बेंझिल लावून टाकावं, काम सुरक्षित. पण पिपरिडीनने एफमॉक काढताना त्यातला एक बेंझिल हळूहळू निघू लागतो आणि मिश्रण होतं. सेरीनच्या बाबतीत तर पूर्ण झाकलेला फॉस्फेट पिपरिडीनसमोर सरळ निघून जातो. अल्फा हायड्रोजन जातो, फॉस्फेट जातो, आणि दुहेरी बंधाचं डीहायड्रोअॅलनिन उरतं.

म्हणून एकच बेंझिल लावतात. दुसरा हायड्रॉक्सिल उघडा. पिपरिडीनमध्ये तो प्रोटॉन सोडून ऋण भार घेतो, आणि ऋण भार असलेला फॉस्फेट सहजी निघत नाही. अर्धवट झाकलेलं जास्त टिकतं. शेवटी टीएफएमध्ये तो एक बेंझिल बाकी गटांबरोबरच जातो. रेणुबंध म्हणाले तसं, गट रेणूचा स्वभाव बदलतो. इथे उलट्या बाजूने ते दिसतं.

आणि डीएमएफबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. जुन्या डीएमएफमध्ये डायमिथिलअमाइन साचतं. तीही आम्लारीच. रात्रभराच्या जोडणीत ती एफमॉक थोडा थोडा काढते आणि मग साखळीत एकच अमिनो आम्ल दोनदा बसलेलं सापडतं. बाटली उघडून नाक लावायची गरज नाही, पण माशासारखा वास येत असेल तर ती वापरू नका.

---

रेणुबंध

पैलतीर, उत्तम भर. सेरीनचा विषय निघालाच आहे तर सेरीन हे कच्चा माल म्हणून किती कामाचं आहे तेही सांगतो. १९८४ मध्ये फिलिप गार्नर यांनी सेरीनची अमाइन बॉकने झाकली, आणि तो नायट्रोजन व बाजूचा हायड्रॉक्सिल यांना मिळून एका अॅसिटोनाइड वलयात बांधलं. मग एस्टरपासून अल्डिहाइड बनवलं. साधे अल्फा-अमिनो अल्डिहाइड ठेवता ठेवता डावं-उजवं हरवतात. हे वलयात बांधलेलं बऱ्यापैकी टिकतं. त्यावर हवी ती फांदी जोडायची, वलय उघडायचं, आणि सेरीनचा जो अल्कोहोल होता त्याचं ऑक्सिडीकरण करून नवं कार्बोक्झिल करायचं. एका स्वस्त अमिनो आम्लापासून निसर्गात नसलेली कितीतरी अमिनो आम्लं या वाटेने बनली आहेत.

---

शून्यअंश

एक शेवटचं विचारतो. आमच्याकडे सेमाग्लुटाइडसारखीच शेपटी एका छोट्या पेप्टाइडवर लावायचं ठरतंय, रेझिनवर (साखळी ज्याला बांधून वाढवतात त्या घन मण्यांवर). लायसिनच्या फांदीवरची अमाइन कशाने झाकावी? आणि शेपटीतलं ग्लुटामिक आम्ल गॅमा बाजूने जोडायचं असतं, त्यात काय जपावं?

---

अंबरनाथकर

लायसिनचं आधी. बाकी फांद्यांवर तृतीयक ब्युटिल, ट्रिटिल, पीबीएफ असे आम्लाने निघणारे गट असणार, म्हणून या एका लायसिनवर आम्लाशिवाय निघणारा हवा. आयव्हीडीडीई घ्या, डीएमएफमधल्या २ टक्के हायड्रॅझिनने निघतो. हायड्रॅझिनने एफमॉकही जातो, म्हणून साखळीचं शेवटचं अमिनो आम्ल बॉकने झाकलेलं घ्या. किंवा अॅलॉक घ्या, तो पॅलेडियम आणि फिनाइलसिलेनने निघतो. पण आयव्हीडीडीई आणि अॅलॉक एकाच साखळीवर ठेवू नका. हायड्रॅझिन अॅलॉकच्या दुहेरी बंधात हायड्रोजन घालतो, आणि मग तो पॅलेडियमने निघेनासा होतो. ठेवावेच लागले तर हायड्रॅझिनमध्ये अॅलिल अल्कोहोल मिसळायचं, म्हणजे तो हायड्रोजन तिकडे खर्च होतो. मिथिलट्रिटिल हा तिसरा पर्याय, १ टक्का टीएफएने निघतो, पण तुमचं रेझिन तेवढं आम्ल सोसणारं आहे का ते आधी बघा.

ग्लुटामिक आम्लाबाबत डोळ्यात तेल घालून राहा. त्याला दोन कार्बोक्झिल आहेत. नेहमीच्या पेप्टाइडसाठी लागतं एफमॉक-ग्लुटामिक(ओ-तृतीयक ब्युटिल)-ओएच, ज्यात फांदीवरचा कार्बोक्झिल झाकलेला आणि अल्फा मोकळा. शेपटीसाठी लागतं ते बरोबर उलटं: एफमॉक-ग्लुटामिक-ओ-तृतीयक ब्युटिल, अल्फा झाकलेला आणि गॅमा मोकळा. दोघांचाही रेणुभार ४२५.५. नावात फरक फक्त कंसाचा. कपाटात दोन्ही बाटल्या शेजारी असतात.

चुकीची बाटली वापरली तर जोडणी व्यवस्थित होते, गट व्यवस्थित निघतात, आणि मास स्पेक्ट्रममध्ये आकडा तंतोतंत बरोबर येतो. फक्त जोड अल्फा बाजूने असतो. म्हणून शेपटी जोडण्याआधी नुसत्या अमिनो आम्लाचा एनएमआर काढा आणि तो आधीच्या खात्रीच्या नमुन्याशी ताडून बघा. पूर्ण पेप्टाइड झाल्यावर दोन रूपं एचपीएलसीवर वेगळी पडतीलच असं धरून चालू नका. थोडंसं अल्फा-जोडाचं पेप्टाइड मुद्दाम वेगळं बनवून ठेवा, दोन्ही मिसळून इंजेक्ट करा, आणि तुमच्या ग्रेडिएंटवर शिखरं सुटतात का ते आधी ठरवा.

१८ कार्बनांच्या द्विआम्लाचंही तसंच आहे. एक टोक तृतीयक ब्युटिल एस्टर केलेलं मागवा. दोन्ही टोकं मोकळी असलेलं घेतलं तर रेझिनवरच्या दोन साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात.